ओसीडीच्या चिठ्ठीवर आणखी दोन ओळी लिहा: मनोविकारतज्ज्ञांना एका फार्मासिस्टचं खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. सांगली-मिरजेत, कोल्हापुरात, पुण्यात तुम्ही लिहिलेल्या चिठ्ठ्या शेवटी माझ्यासारख्याच्या काउंटरवर येतात. त्यात फ्लुओक्झेटिन ६० मिलिग्रॅम, सर्ट्रालिन १५० किंवा फ्लुवोक्झामिन २०० दिसलं की आम्हाला बहुतेक वेळा न विचारताच कळतं, हा ओसीडीचा पेशंट. आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो आजार: नको ते विचार पुन्हा पुन्हा येतात आणि धुणं, तपासणं असं काही केल्याशिवाय राहवत नाही. नैराश्यात याच गोळ्या सहसा कमी डोसवर भागतात, इथे जास्त लागतात.

तुमची तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. ओसीडीच्या गोळ्यांनी माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. त्याच गोळ्या अर्ध्यावर टाकून पुन्हा बाथरूममध्ये अडकलेली माणसंही पाहिली आहेत. हा फरक पुष्कळदा एकाच गोष्टीने पडतो. गोळी काय करते आणि काय करू शकत नाही, हे पहिल्या चिठ्ठीबरोबर कुणी नीट बसवून सांगितलं होतं की नाही. मी काउंटरवरून सांगतो, पण माझ्या शब्दाला तुमच्या शब्दाचं वजन नाही.

काउंटरवर काय ऐकू येतं ते आधी सांगतो. पंधराव्या दिवशी घरचं कुणीतरी येतं, "काही गुण नाही हो, उलट मळमळतंय. दुसरी द्या ना एखादी." कुणी हळूच विचारतं, "ही झोपेचीच ना?" कुणी ठरवूनच आलेलं असतं, "सवय लागायच्या आत बंद करतो." मुलीचं लग्न ठरत असेल तर स्ट्रिपवरचं नाव घरात दिसू नये म्हणून गोळ्या सुट्या करून साध्या डबीत मागतात. आणि सगळे एक प्रश्न विचारतात, "किती दिवसांचा कोर्स आहे?"

लोकांच्या डोक्यात अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा हिशेब असतो. या गोळ्यांचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि त्यातले निदान चार-सहा आठवडे पुऱ्या डोसवर जावे लागतात. मळमळ, जुलाब, डोकेदुखी, जिवाची तगमग मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आज आणि फायदा दोन-अडीच महिन्यांनी. हे ज्याला माहीत नाही तो पंधराव्या दिवशी औषध सोडणारच. त्याला "पेशंट सहकार्य करत नाही" असा शेरा मारणं अन्यायाचं आहे.

गोळीची बाजू मी मनापासून घेतो, कारण तिच्यावर लोकांचा अविश्वास फार आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या आजारावर नाव घेण्यासारखं औषधच नव्हतं. १९६७ च्या सुमारास स्पेनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या लक्षात आलं की क्लोमिप्रामिन या नैराश्याच्या औषधाने मंत्रचळाची पकडही ढिली होते. पुढे १९९१ साली अमेरिकेतल्या २१ केंद्रांवर ५२० रुग्णांमध्ये झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष छापून आले. दहा आठवड्यांनी क्लोमिप्रामिन घेणाऱ्यांची लक्षणं, या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन पट्टीवर, सरासरी ३८ ते ४४ टक्क्यांनी उतरली होती. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांची जेमतेम ३ ते ५ टक्क्यांनी.

या दुसऱ्या आकड्याकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. नैराश्यात नुसत्या आशेने आणि डॉक्टरांच्या धीराने बऱ्याच जणांना बरं वाटतं. इथे तसं जवळपास होतच नाही. "मन घट्ट कर", "लक्ष दुसरीकडे वळव", "तुला कसली कमी आहे" हे सगळं ऐकून झालेला माणूस माझ्यासमोर उभा असतो, तेव्हा तो आकडा त्याला सांगावासा वाटतो. तुझं मन कमकुवत नाही, बाबा. या आजाराला धीराचे शब्द पुरत नाहीत, हे चाचणीत मोजलं गेलं आहे.

क्लोमिप्रामिनच्याच कुळातलं, पण मेंदूतल्या मुख्यतः नॉरएड्रेनॅलिन या रसायनावर काम करणारं डेसिप्रामिन या आजारात त्याच्या जवळपासही पोचलं नाही. म्हणजे कुठलीही मेंदू शांत करणारी गोळी दिली आणि भागलं, असं नाही. सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनावर जोरात काम करणारीच औषधं लागू पडतात. ती नेमकी कशी लागू पडतात याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही, पण लागू पडतात हे पक्कं आहे. फ्लुओक्झेटिन, फ्लुवोक्झामिन, सर्ट्रालिन, पॅरोक्झेटिन ही नंतरची औषधं क्लोमिप्रामिनपेक्षा सोसायला सोपी. २००८ साली, चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात १७ चाचण्यांमधले तीन हजारांवर रुग्ण एकत्र मोजले गेले, तेव्हा या औषधांनी सुधारण्याची शक्यता नकली गोळीच्या जवळजवळ दुप्पट निघाली.

मग झोपेच्या गोळीचं काय? क्लोनाझेपाम या आजारावरचं औषध नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण ओसीडीच्या कितीतरी चिठ्ठ्यांमध्ये रुग्ण वर्षानुवर्षं टिकवून ठेवतो ती नेमकी तीच ओळ. मुख्य गोळी बंद, क्लोनाझेपाम चालू. तिने लगेच बरं वाटतं, म्हणून तीच खरी असं त्याला वाटतं. सुरुवातीच्या तगमगीसाठी थोडे दिवस देत असाल तर किती दिवस ते चिठ्ठीवर ठळक लिहा, एवढीच विनंती.

एका ताईंचं सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. आल्या की पैसे काउंटरवर ठेवायच्या, हातात द्यायच्या नाहीत. मी बोटांनी धरलेली स्ट्रिप चालायची नाही. न फोडलेला बॉक्स त्यांच्यासमोर उघडायचा, तो तिरका करून स्ट्रिप कोऱ्या कागदावर पडू द्यायची, आणि तो कागद त्या चिमटीत धरून न्यायच्या. सुटे पैसे परत घ्यायच्या नाहीत. सर्ट्रालिन ५० वरून १००, मग १५०, मग २००. चौथ्या महिन्यात एक दिवस त्यांनी माझ्या हातातून स्ट्रिप घेतली आणि पर्समध्ये टाकली, जणू काही विशेष नाही. आंघोळीला अडीच तास लागायचे ते तासाभरावर आलं, असं त्यांचे मिस्टर म्हणाले.

पण सुटे पैसे त्या आजही घेत नाहीत. दुसऱ्या कुणी घासलेली भांडी अजून विसळल्याशिवाय वापरत नाहीत. डोस वाढवायला आता जागा नाही. मिस्टर मला विचारतात, "आता पुढं काय?"

हा प्रश्न गोळीच्या हद्दीवरचा आहे, आणि तिथे पोचलेली माणसं थोडीथोडकी नाहीत. पहिल्या औषधाने चांगला गुण येतो तो साधारण ४० ते ६० टक्के रुग्णांना. "गुण येणं" म्हणजे काय, हेही कुणी त्यांना सांगत नाही. चाचण्यांमध्ये लक्षणं २५ किंवा ३५ टक्क्यांनी उतरली की औषध लागू पडलं असं धरतात. येल-ब्राउन पट्टी ४० गुणांची. तिच्यावर मंत्रचळात दिवसाचे तीन ते आठ तास जाणं आणि एक ते तीन तास जाणं यात एकाच गुणाचा फरक आहे. रोज सहा तास धुण्यात घालवणारी बाई दोन तासांवर आली तर तो मोठा विजय आहे, त्या घराला विचारा. पण दिवसाचे दोन तास अजून जातातच. तिला वाटलेलं असतं की पूर्ण बरं व्हायचं होतं आणि आपल्यातच काही खोट आहे.

आणि बंद केल्यावर? १९८८ सालचा एक छोटा अभ्यास आहे. क्लोमिप्रामिनने सुधारलेल्या १८ रुग्णांचं औषध थांबवून नकली गोळी सुरू केली, तेव्हा सात आठवड्यांत १६ जणांची लक्षणं परत आली. रुग्ण मोजकेच होते, तरी काउंटरवर मी जे बघतो ते याहून फार वेगळं नाही. म्हणून गुण आल्यावरही एक-दोन वर्षं औषध चालू ठेवायचं, मग महिनोन्महिने हळूहळू उतरवायचं, असा प्रघात आहे. लोकांना मात्र बरं वाटू लागलं की गोळी नकोशी होते. दिवाळीला चांगली असलेली मुलगी संक्रांतीला पुन्हा नळाखाली, आणि घरचे म्हणतात औषध खोटं होतं. पॅरोक्झेटिन तर अचानक थांबवलं की चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. त्याला लोक "व्यसन लागलं होतं" म्हणतात.

दुष्परिणामांबद्दल फार लांबवत नाही, एक सोडून. पुरुष असो की बाई, या गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा किंवा सुख कमी होणं खूप कॉमन आहे, आणि आपल्याकडे ते कुणीही स्वतःहून बोलत नाही. तुमच्या केबिनमध्ये सासू बरोबर असते, माझ्या काउंटरवर मागे रांग असते. नवरा-बायको गुपचूप गोळी बंद करतात. तुम्ही विचारलंत तरच कळेल. बाकी फ्लुवोक्झामिनबरोबर दम्याचं थिओफायलिन चालू आहे का, क्लोमिप्रामिनआधी ईसीजी झाला का, पंचवीसच्या आतल्या मुलामुलींच्या घरच्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांकडे लक्ष ठेवायला सांगितलं का, हे तुम्ही पाहताच. आमच्याकडून एखादं सुटलेलं दिसलं तर फोन करतो, तेव्हा कृपया रागावू नका.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो तो मुद्दा. गोळीच्या पुढचा उपचार अस्तित्वात आहे, जुना आहे, आणि माझ्या बहुतेक ग्राहकांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर केलेल्या प्रयोगांतून तो पुढे आला: ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर थांबायचं, आणि धुण्याची, तपासण्याची, पुटपुटण्याची क्रिया करायची नाही. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, इंग्रजी आद्याक्षरांनी ईआरपी. एसटीच्या सीटवर तळहात टेकवायचा, मग तो हात साडीला पुसायचा नाही, धुवायचा नाही. छातीत धडधड वाढते, सोसवत नाही असं वाटतं, आणि धुतलं नाही तरी ती हळूहळू उतरते. उद्या पुन्हा. परवा थोडं अवघड काही. शेजारी शिकलेला माणूस, जो धीर देतो पण "काही होणार नाही" अशी खात्री देत नाही. ही खात्री न देणं फार महत्त्वाचं, कारण घरचे दिवसभर तेच देत असतात. "झालं गं, स्वच्छ आहे", "लावली कडी, मी बघितली". प्रेमापोटी दिलेलं ते उत्तर आजाराला खायला घालतं, आणि कुठलीही गोळी घरच्यांना गप्प राहायला शिकवत नाही.

२००५ साली एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी १२२ जणांमध्ये तुलना केली. उपचार सुरू केलेल्या सगळ्यांचा हिशेब धरला तर ईआरपीने ६२ टक्के, क्लोमिप्रामिनने ४२ टक्के, दोन्ही मिळून ७० टक्के आणि नकली गोळीने ८ टक्के सुधारले. त्याच्या आदल्या वर्षी ११२ मुलांवरच्या अभ्यासात आजार जवळपास उतरलेली मुलं सर्ट्रालिनने २१ टक्के, ईआरपीचा समावेश असलेल्या वर्तनोपचाराने ३९ टक्के आणि दोन्हींनी ५४ टक्के होती. आणि २०१३ सालचा अभ्यास तर त्या ताईंच्या मिस्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर आहे. औषधाचा पुरेसा डोस पुरेसे आठवडे घेऊनही लक्षणं उरलेल्या १०० जणांपैकी काहींना वरून रिस्पेरिडोन हे मनोविकारांवरचं दुसऱ्या कुळातलं औषध दिलं, काहींना ईआरपी, काहींना नकली गोळी. सुधारले ते अनुक्रमे २३, ८० आणि १५ टक्के.

तुम्ही हे आकडे माझ्याआधी वाचले आहेत. तरीही माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या चिठ्ठ्यांवर रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्राझोलची भर पडलेली असते, ईआरपीचा उल्लेख क्वचित. ती भर चुकीची असं मी म्हणत नाही, काहींना तिने नक्की फायदा होतो. पण वजन वाढलं, साखर वाढली म्हणून तोच पेशंट पुढे माझ्याकडे आणखी दोन गोळ्यांचा ग्राहक होतो. दुकानदार म्हणून मला तोटा नाही. म्हणूनच हे माझ्या तोंडून ऐका.

गोळी विरुद्ध थेरपी असं भांडण मला लावायचं नाही. ईआरपीही सगळ्यांना झेपत नाही, कित्येक जण घाबरून नाही म्हणतात, अर्ध्यात सोडतात. ज्याला दारापर्यंत जाता येत नाही, किंवा बरोबर खोल नैराश्यही आहे, त्याला आधी गोळीनेच उचलावं लागतं. कृष्णेचा पूर ओसरला तरी घरातला गाळ माणसांनाच उपसावा लागतो, आणि पाणी कमरेएवढं असताना कुणी फावडं हातात घेत नाही. दोन्ही खरं आहे.

तुमच्या अडचणी दिसत नाहीत असं नाही. देशात लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ येत नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तर त्याहून कमी. बाहेर बाकं भरलेली असताना एकेका पेशंटला तासभर देणं तुम्हाला शक्य नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीसाठी वेगळं क्लिनिक आहे, पण आमच्या गावातला गवंडी मजुरी बुडवून किती वेळा बेंगळुरू गाठणार?

म्हणून मागणं आवाक्यातलं ठेवतो. ओसीडीच्या पहिल्या चिठ्ठीवर औषधांखाली तुमच्या हातचं एवढं असू द्या: गुण यायला बारा आठवडे, मला विचारल्याशिवाय बंद नाही, गोळीने लक्षणं कमी होतील, उरलेल्यासाठी सराव शिकायचा आहे, तो अमुक ठिकाणी. ते "अमुक ठिकाण" आज नसेल तर तयार करा. तुमच्याकडे समुपदेशक असेल, नर्स असेल, तिला ईआरपी शिकवा आणि तिच्यावर देखरेख ठेवा. व्हिडिओ कॉलवरही हे काम होतं, आणि पेशंटच्या स्वतःच्या बाथरूमसमोर ते जास्त चांगलं होतं. घरच्या एका माणसाला दुसऱ्या भेटीत आवर्जून बोलवा, उत्तरं देणं कसं थांबवायचं ते त्याला शिकवा. औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहा, कारण कंपनी बदलून गोळीचा रंग बदलला की सतत तपासत बसणाऱ्या रुग्णाची त्या रात्री झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी गोळीच थांबते. "औषध तेच आहे" हे त्याला तुमच्या चिठ्ठीवर वाचता आलं पाहिजे.

एकट्याने होणार नाही असंही काही आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता आणि नर्स यांची पदं धरलेली आहेत. ती भरलेली असावीत आणि भरलेल्या माणसांना ईआरपी येत असावी, हा आग्रह तुमच्या संघटनेने सार्वजनिक आरोग्य विभागाकडे धरला तर त्याला अर्थ येईल. आम्ही धरला तर तो एका दुकानदाराचा अर्ज ठरतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत फोन घेणाऱ्यांना ओसीडी ओळखता यावा, एवढंही मागता येईल. मनात देवाबद्दल अभद्र विचार येतात म्हणून उतारे टाकत फिरणारा किंवा स्वतःच्या तान्ह्या बाळाला इजा होईल या विचाराने बाळाजवळ न जाणारी आई पहिला फोन तिथेच करण्याची शक्यता जास्त आहे. क्लोमिप्रामिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत याच आजारासाठी आहे, तरी कधीकधी आठवडेच्या आठवडे आम्हाला होलसेलकडून मिळत नाही. त्या काळात तुमच्या रुग्णाचं काय होतं ते तुम्ही बघता. संघटनेच्या लेटरहेडवर त्याबद्दल एक पत्र अन्न व औषध प्रशासनाला गेलं पाहिजे.

माझ्या बाजूने काय करीन तेही सांगतो. ओसीडीची नवी चिठ्ठी आली की स्ट्रिपच्या पाकिटावर बाराव्या आठवड्याची तारीख लिहून देतो, आणि महिना उलटूनही कुणी पुढची स्ट्रिप न्यायला आलं नाही तर, त्यांनी परवानगी दिली असेल तर, फोन करतो. तालुक्यातले आणखी काही फार्मासिस्ट यात यायला तयार आहेत. पाकिटावर छापायला मराठीत चार ओळींचा मजकूर हवा आहे. तो तुमच्यापैकी कुणी लिहून, तपासून दिलात तर छपाईचा खर्च आम्ही करू.

आपला नम्र,
एक फार्मासिस्ट, सांगली जिल्हा